मदत हवी आहे: कोन तिरका दिला तरी चांदीचे खांब सुटे येईनात

गोदाकाठ: थर्मल एव्हॅपोरेशनने (निर्वातात बोटीत, म्हणजे तापवायच्या वाटीत, चांदी तापवून तिची वाफ) काचेवर पातळ थर बसवायलोय. वाफ येण्याचा कोन ८५ अंश. सुटे, तिरके नॅनोखांब पाहिजेत, एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) मात्र साबुदाण्याच्या खिचडीसारखा गिचका दिसतोय. सोमवारी गाईडना फोटो दाखवायचेत. कोन किती ठेवू तेवढंच सांगा, थिअरी नको.

निर्वातवाला: ८५ लंबापासून की काचेच्या पृष्ठापासून? दाब किती, होल्डर फिरतो का, जाडी किती घेता?

गोदाकाठ: लंबापासूनच मोजतात ना सगळे. होल्डर स्थिर. दाब १०⁻⁵ मिलिबार.

जालन्याचा पोलादी: बोट सोडा, स्पटरिंग करा, म्हणजे आर्गॉनच्या आयनांनी टार्गेटमधले अणू उडवा. आमच्याकडे सगळं त्याच्यावरच.

निर्वातवाला: स्पटरिंगच्या नेहमीच्या आर्गॉन दाबाला अणू सेंटिमीटरभर जाऊन धडकतो. मग दिशा राहते कुठं? आणि दिशा नाही तर आधी बसलेल्या कणांची मागं सावली नाही, सावली नाही तर खांब नाहीत.

जालन्याचा पोलादी: दाब उतरवून, टार्गेट लांब ठेवून करतात लोक. एकदम मोडीत काढू नका.

कोनमापी: कल काढायच्या टॅन्जंट नियमाने ८५ ला खांब ८० अंश कलतात, टेटच्या सूत्राने ५८. चांदीला दोन्ही नीट बसत नाहीत, मोजूनच बघावं.

नांदेडकर: अहो, खांब तर दिसू द्या आधी, कल मग मोजा! गोदाकाठ, दोष कोनाचा नाही. चांदी १२३५ केल्विनला वितळते. त्याच्या ०.३ पट म्हणजे साधारण ९७ अंश सेल्सिअस. काच त्याच्या जवळ गेली की अणू पृष्ठावर सरकून सावलीतल्या फटी बुजवतात. उन्हाळ्यात इथं खोलीच ४० ला असते, वरून बोटीची धग. काच गार करा. नाहीतर त्याच जोडणीत क्रोमियम टाकून बघा, त्याचे अणू एवढे पळत नाहीत.

गोदाकाठ: गार कशानं करू? डिफ्यूजन पंपालाच टँकरचं पाणी चाललंय.

लातूरकर: टँकरच्या पाण्यानं कॉइलमध्ये क्षार धरतो बरं का. आणि फेलोशिप जमा झाली का कुणाची?

परभणीकर: जनावरांच्या दवाखान्यात रेतमात्रा ठेवायला द्रव नायट्रोजन येतो, उणे १९६ अंश. तिथं विचारा की.

निर्वातवाला: चालेल, पण आधी निर्वात, मग नायट्रोजन. नाहीतर काचेवर दव गोठेल. आणि जाडी अजून सांगितली नाही तुम्ही.

गोदाकाठ: जाडी मोजणाऱ्या मॉनिटरवर १०० नॅनोमीटर झाले की बंद करतो.

निर्वातवाला: मॉनिटर बोटीकडं तोंड करून आहे ना? ८५ चा कोसाइन ०.०८७. म्हणजे काचेवर जेमतेम ९ नॅनोमीटर चांदी पडली. एवढ्यात नुसती बेटंच दिसणार, खांब कुठून येतील? मॉनिटर १००० च्या पुढं जाऊ द्या.

नांदेडकर: गार न करता १००० घ्याल तर चांदी वाया जाईल, आत्ताच सांगतो.

निर्वातवाला: आधी जाडी. गार करणं नंतर.