मदत हवी आहे: सीएसआरनं कंपनीची जोखीम कमी होते, हे तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी,

एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी मी सीएसआर (म्हणजे कंपनीनं सामाजिक जबाबदारी म्हणून समाजासाठी केलेला खर्च) आणि जोखीम हा विषय घेतलाय आणि महिनाभराच्या वाचनानंतर एका जागी अडकलेय.

समाजात कंपनीचं नाव चांगलं असलं की अडचणीच्या काळात ग्राहक, कामगार, बँका तिला सांभाळून घेतात, म्हणजे सीएसआर हा एक प्रकारचा विमाच, असं वाचलं. पटतंही. पण आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार हा खर्च सक्तीचा आहे. नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी मर्यादा गाठली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. म्हणजे आकडा नफ्यावरूनच ठरतो. नफा भक्कम असलेल्या कंपनीची जोखीम मुळातच कमी आणि सीएसआरही जास्त! मग माझ्या रिग्रेशनमध्ये (आकड्यांमधला संबंध मोजायच्या संख्याशास्त्रीय पद्धतीत) दिसतो तो परिणाम सीएसआरचा की नफ्याचा?

सर म्हणतात, खर्चाला विक्रीनं भागून घे. मला वाटतं, २ टक्क्यांच्या वर स्वखुशीनं केलेला खर्च तेवढाच धरावा. ५ कोटींच्या जरा वरच्या आणि जरा खालच्या कंपन्यांची तुलना करायचाही विचार केला. पण एवढ्या लहान कंपन्या बहुतेक शेअर बाजारात नसतात, मग बीटा (बाजाराच्या तुलनेत शेअर किती वर-खाली होतो, हे जोखमीचं माप) कुठून काढणार? शिवाय नफा मुद्दाम ५ कोटींच्या आत दाखवणाऱ्याही असतीलच.

सत्यम ही हैदराबादची आयटी कंपनी तर डोक्यातून जात नाही. तिचे संस्थापक रामलिंग राजू यांच्या पुढाकारानं २००५ मध्ये हैदराबादेत १०८ रुग्णवाहिका सुरू झाली, तिनं खरोखर जीव वाचवले. आणि जानेवारी २००९ मध्ये त्यांनीच सत्यमच्या ताळेबंदातली हजारो कोटींची रोकड खोटी असल्याचं कबूल केलं. शेअर एका दिवसात पाऊण टक्क्यानं नव्हे, पाऊण हिश्श्यानं कोसळला. म्हणून संचालक मंडळाचा कारभार वेगळा मोजायचा असं ठरवलंय.

बँकेत कर्जाच्या प्रस्तावांवर काम करणारं इथं कुणी आहे का? मंजुरी देताना तुम्ही सीएसआरचा अहवाल खरंच बघता का? आणि बीटाऐवजी व्याज फेडण्याची क्षमता किंवा पतमानांकन घेतलं तर चालेल का? साठ कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतून आकडे हातानं उतरवतेय, त्यामुळे मोजमाप बदलायचं तर आत्ताच कळलेलं बरं.