वॉर्डात सुई टोचण्याचे प्रकार थांबत नाहीत, नेमकं कुठे चुकतंय?

इन्चार्ज सिस्टर, गंगापूर रोड
४० खाटांचं खासगी हॉस्पिटल, नाशिक. हब कटर (सुईचा हब, म्हणजे सिरिंजला जोडणारा भाग, कापणारं यंत्र) आहे, सुया टाकायचा पांढरा डबा आहे, ट्रेनिंग होतं. तरी सुया टोचतात. सिस्टर्सपेक्षा सफाई करणाऱ्या मावशींना आणि मामांना जास्त, कचरा उचलताना नाहीतर चादरी काढताना. काय बदलावं?

संसर्ग नियंत्रण नर्स, आडगाव
ताई, आधी डबा कुठे ठेवलाय ते बघा. ड्रेसिंग रूममध्ये असेल तर सुई घेऊन तिथवर कुणी जात नाही. ती ट्रेमध्ये पडून राहते, कापसाबरोबर पिवळ्या पिशवीत जाते किंवा चादरीत गुंडाळली जाते. डबा आणि हब कटर ट्रॉलीवरच हवेत, इंजेक्शन देताना हात पोचेल असे. ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकायची.

टोपण परत बसवू नका. अगदीच अडलं तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हाताने सुईवर उचलून घ्यायचं, दुसरा हात लांब.

हब कटरचं पातं बोथट झालं की हब कापला न जाता चेंबतो, सुई लटकते आणि लोक ती बोटांनी ओढतात. पातं बदला. इन्सुलिन सिरिंजची सुई पक्की असते, ती अख्खी पांढऱ्या डब्यात. कॅन्युलाची (सलाइनसाठी शिरेत बसवायच्या नळीची) सुईही तिथेच. लाल पिशवीत फक्त बिनसुईच्या सिरिंज. डबा पाऊण भरला की बंद. वरून दाबून जागा करणं सर्वात घातक.

लॅब टेक्निशियन, सिडको
सिरिंजमधून ट्यूबमध्ये रक्त भरताना ट्यूब हातात धरू नका, स्टँडमध्ये ठेवा. शक्य असेल तिथे व्हॅक्यूम ट्यूब (रक्त थेट ओढून घेणारी) आणि होल्डर वापरा.

मेडिकल ऑफिसर, कॅज्युअल्टी
टोचल्यावर साबण आणि वाहतं पाणी, बस. पिळणं, चोखणं, ब्लीच ओतणं नको. लगेच कळवा, वेळ लिहून ठेवा आणि रुग्णाची संमती घेऊन एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी तपासा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. जिल्हा रुग्णालयात एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्र आहे, पण सुई रात्रीही टोचते. पहिला डोस तुमच्याच कॅज्युअल्टीत ठेवा.

संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई एकदा टोचली तर धोका एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बी मात्र ६ ते ३० टक्के. मावशींना लस दिलीय का?

इन्चार्ज सिस्टर
नाही सर, त्या कंत्राटी आहेत. एजन्सीने द्यायची ना?

मेडिकल ऑफिसर, कॅज्युअल्टी
नाही. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस मिळेल हे पाहणं हॉस्पिटलचं काम आहे. ०, १, ६ महिन्यांना डोस द्या, शेवटच्या डोसनंतर १-२ महिन्यांनी अँटिबॉडी टायटर (हेपॅटायटिस बीची लस लागू पडली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करा. १० mIU/ml च्या खाली आलं तर पुन्हा कोर्स. पहिला डोस याच आठवड्यात द्या.