बी विंग ग्रुप: नाणं टाकून खेळायचे पहिले व्हिडिओ गेम

शनिवार, रात्री ८:४२

बी-२०४ वहिनी: नमस्कार मंडळी 🙏 आमच्या चिरंजीवांना शाळेतून प्रोजेक्ट आलाय, ‘आजी-आजोबांच्या काळातले खेळ’. विटीदांडू नको म्हणतो, सगळा वर्ग तेच लिहिणार. नाणं टाकून खेळायचे व्हिडिओ गेम कुणी खेळलंय का? जितके जुने तितके बरे.

बी-६०१ ताई: मी खेळलेय! १९८५-८६ची गोष्ट. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये १ रुपयाचं नाणं लागायचं. लिहिते जरा वेळाने, कुकर लावलाय.

बी-४०३ काका: वहिनी, मी त्याच्याही आधी खेळलोय. मोठा मेसेज होईल, चालेल ना?

बी-२०४ वहिनी: काका, पळेल. तो शेजारीच बसलाय वही घेऊन.

बी-४०३ काका: १९७३च्या सप्टेंबरात मी एमएस करायला कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डला गेलो. खिशात ८ डॉलर. तेव्हा तेवढंच परकीय चलन हाती मिळायचं. तिथे ट्रेसिडर युनियन म्हणून विद्यार्थ्यांची इमारत आहे, तिच्या कॉफी हाऊसमध्ये ‘गॅलक्सी गेम’ होता. निळ्या फायबरग्लासची पेटी आणि काळ्या पडद्यावर दोन यानं. मधोमध तारा. फार जवळ गेलं की तो यानाला ओढून घ्यायचा. १० सेंटला एक डाव, २५ सेंटला तीन. याच्या पोटात पीडीपी-११ हा खराखुरा संगणक राबत होता. बिल पिट्स हा स्टॅनफर्डचाच माजी विद्यार्थी, त्याने ह्यू टक या मित्राला घेऊन १९७१ साली तो तिथे बसवला. पहिल्या यंत्राला २०,००० डॉलर लागले होते. १० सेंटने भागून बघा, २ लाख डाव झाले तर कुठे पैसे निघणार. धंदा म्हणून ते जमणारं नव्हतंच. तरी १९७९पर्यंत तो तिथे होता आणि पोरं रांग लावायची.

बी-२०४ वहिनी: तो विचारतोय, जगातला पहिला हाच का?

बी-४०३ काका: पहिल्या दोनांतला एक, असं लिही बाळा. त्याच वर्षी ‘कॉम्प्युटर स्पेस’ आला, नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचा. दोघांचंही मूळ एकच, १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत केलेला ‘स्पेसवॉर’ हा खेळ. पण माझी खरी आठवण ‘पाँग’ या गेमची आहे. जेवून येतो, मग लिहितो.

बी-३०२: उद्या सकाळी १० ते १ टाकी साफ करणार आहेत, पाणी भरून ठेवा.

बी-६०१ ताई: 👍 काका येईपर्यंत मी लिहिते. आमच्याकडे नंबर लावायची पद्धत अशी, की आपलं नाणं स्क्रीनच्या काचेखालच्या कडेवर ठेवायचं. कडेवर चार नाणी असली की आपला नंबर पाचवा. कोण कुणाच्या मागे, हे सगळ्यांना पाठ असायचं, भांडण नाही. मी नववीत होते, धाकट्या भावाबरोबर गेले आणि ठेवलं नाणं. मालकाने ते उचलून माझ्या हातात परत दिलं. ‘मुलींनी इथे थांबू नये.’ सगळे बघत होते. कान तापले होते माझे, अजून आठवतं. पुढच्या रविवारी भावाने स्वतःचं म्हणून नाणं ठेवलं आणि त्याचा नंबर आल्यावर बाजूला सरकून मला उभं केलं. पॅकमॅन, म्हणजे चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके खायचा खेळ. आठवडाभर त्याने मला कागदावर वाटा काढून दिल्या होत्या: आधी डावीकडून खाली, मग बोगद्यातून पलीकडे. भुतं नेमाने पाठलाग करतात, आपण तसंच वळलो की तीही तशीच वळतात. दुसऱ्या पडद्यापर्यंत गेले. मालक काही बोलला नाही.

बी-२०४ वहिनी: ताई 🙏🙏 हे मी स्वतः लिहून घेतलं.

बी-१०२ भाऊ: मी ८३ ते ९१ लॅमिंग्टन रोडला हेच काम केलं, गेमचे बोर्ड दुरुस्त करायचं. जॉयस्टिकच्या आतली छोटी बटणं, म्हणजे मायक्रोस्विच, तर रोज बदलायचो. पोराला एक गोष्ट जरूर लिहायला सांगा. स्पेस इन्व्हेडर्स, १९७८, जपानच्या टायटो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादोने केलेला. ५ रांगांत ११-११, एकूण ५५ शत्रू. जसजसे मारू तसतसे उरलेले वेगाने येतात. वेग वाढवायला वेगळं काही घातलेलं नव्हतं. बिचाऱ्या ८०८० प्रोसेसरला, म्हणजे यंत्राच्या मेंदूला, ५५ चित्रं हलवताना दम लागायचा. चित्रं कमी झाली की काम हलकं, म्हणून चाल जलद. निशिकादोने ते बघितलं आणि तसंच राहू दिलं. खालून चार सुरांचा ठोका वाजत असतो, तोही वाढत जातो. शेवटचा एक उरला की खेळणाऱ्याचाही श्वास अडकायचा. दुरुस्ती झाल्यावर मी तो शेवटचा एक येईपर्यंत खेळूनच बोर्ड परत द्यायचो.

बी-५०१: भाऊ, इतकी वर्षं शेजारी राहतोय, हे माहीतच नव्हतं!

रात्री ९:५५

बी-४०३ काका: आलो. आता पाँग. गावातल्या एका पिझ्झाच्या दुकानात कोपऱ्यात उभा होता. अटारी कंपनीचा, १९७२ सालचा. अॅलन अॅल्कॉर्न या इंजिनिअरने बांधलेला, आणि बांधला तेव्हा त्याला वाटत होतं आपल्याला हात बसावा म्हणून सरावाचं काम दिलंय. भाऊ, तुम्हाला आवडेल: आत प्रोसेसर नाही, प्रोग्रॅम नाही. नुसत्या टीटीएल चिप, म्हणजे एकेक ठरलेलं साधं काम करणाऱ्या चिप, आणि साधा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. पहिलं यंत्र कॅलिफोर्नियातल्याच सनीव्हेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये ठेवलं. थोड्याच दिवसांत बंद पडलं म्हणून उघडून बघतात तर नाण्यांचा डबा तुडुंब भरलेला.

सूचना अगदी थोडक्यात, त्यातली मुख्य एकच: चेंडू सुटू देऊ नका, गुण वाढतील. दोन नॉब, दोन पांढऱ्या दांड्या, चौकोनी चेंडू. नॉब तळव्यात धरून बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवायचा, रेडिओचं स्टेशन लावतो तसा. दांडीच्या मध्यावर चेंडू लागला तर सरळ परत जातो, टोकाला लागला तर तिरका. टोलवाटोलवी लांबली की वेग वाढतो. आणि दांडी पडद्याच्या अगदी वरपर्यंत पोचतच नाही. तो सर्किटमधला दोष होता, पण मुद्दाम ठेवला, नाहीतर दोन चांगले खेळाडू रात्रभर खेळत बसले असते. पहिला ११ करेल तो जिंकला.

आता मला जे सांगायचंय ते. पाँग एकट्याला खेळताच येत नसे. यंत्र तुमच्याशी खेळत नाही, समोर दुसरा माणूस लागतो. मला तिथे जाऊन दोन महिने झाले होते. वर्गात काय होईल तेवढंच बोलणं. संध्याकाळी खोलीवर भात-आमटी करायची आणि आईला पत्र लिहायचं, ते पोचायला आठ-दहा दिवस. त्या दुकानात मी गेलो तो थंडी होती म्हणून. पाँगपाशी एक मुलगा नाणं हातात घेऊन उभा होता. इकडे तिकडे बघत. त्यालाही कुणी नव्हतं. त्याने मला हाताने बोलावलं. २५ सेंट म्हणजे तेव्हाचे जवळपास २ रुपये, मनात हिशेब झालाच, पण नाणं त्यानेच टाकलं. तैवानचा होता, माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत. डावखुरा, म्हणून डावा नॉब त्याचा, उजवा माझा. पहिला डाव ११-२ हरलो. दुसरा ११-९.

पुढची दीड वर्षं दर शुक्रवारी तिथेच. एक शुक्रवार त्याचं नाणं, एक माझं. माझे वडील गेल्याची तार आली तेव्हा तिकिटाला पैसे नव्हते, जाता आलं नाही. त्या शुक्रवारी तो काही बोलला नाही, खोलीवर आला, कोट दिला आणि घेऊन गेला. पंधरा-वीस डाव खेळलो असू. नाणी त्याचीच. ५० वर्षं झाली, आजही त्याचा नवीन वर्षाला फोन येतो.

बी-६०१ ताई: काका...

बी-१०२ भाऊ: काका, नमस्कार तुम्हाला.

बी-२०४ वहिनी: काका, तो लिहायचं थांबलाय. विचारतोय, तो गेम आता कुठे खेळता येईल?

बी-४०३ काका: गॅलक्सी गेम माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमकडे आहे. पाँग मोबाइलवर मिळतो रे, पण त्यात बहुतेक वेळा समोर यंत्र खेळतं. त्यात ती मजा नाही.

बी-१०२ भाऊ: काका, थांबा. माझ्याकडे दोन पोटेन्शिओमीटर आहेत, रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला असतात तसे, वर गोल नॉब बसतील. एक छोटा बोर्ड घालून क्लब हाऊसच्या टीव्हीला जोडतो. दोन माणसांचाच करतो. पुढचा रविवार द्या मला.

बी-३०२: क्लब हाऊस ५ ते ८ मोकळं आहे, नोंद करतो. टीव्हीचा रिमोट वॉचमनकडे मिळेल.

बी-६०१ ताई: भाऊ, टीव्हीखाली एक कड ठेवा. नाणी ठेवायला. मी भावालाही बोलावते.

बी-२०४ वहिनी: हा म्हणतोय पहिला डाव काकांबरोबर तो खेळणार. २ रुपयांचं नाणं आत्ताच शोधून ठेवलंय.

बी-४०३ काका: ये बाळा. डावा नॉब तू घे, उजवा माझा.