'थकवा येतो का?' विचारल्यावर नाही कोण म्हणेल? : लाँग कोविड आणि घरोघरचं सर्वेक्षण

लीड्सकर (धागाकर्ता)
'रोखठोक' यांनी परवा लिहिलं, "लाँग कोविड आजारातून कमी आणि प्रश्नावलीतून जास्त झालाय. घरी बसल्या माणसाला थकवा येतो का विचारलं की तो हो म्हणणारच. ब्रिटनचे १९ लाख असेच जमले." तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते फार वाढलं म्हणून वेगळा धागा.

मुळात ओएनएसने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाने, आपल्या घरोघरच्या सर्वेक्षणात नुसतं 'थकवा येतो का' विचारलंच नव्हतं. कोविड होऊन ४ आठवडे उलटले, तरी लक्षणं आहेत, आणि त्यांना दुसरं कारण सापडत नाही, या अर्थाने तुम्हाला लाँग कोविड आहे असं तुम्ही म्हणाल का, असा प्रश्न होता. त्यापुढे रोजच्या कामात अडचण येते का, थोडी की बरीच. मार्च २०२३च्या आकड्यात २.९ टक्के लोक हो म्हणाले, तेच हे १९ लाख. त्यातल्या ७९ टक्क्यांना रोजच्या कामात अडचण होती, २० टक्क्यांना बरीच.

"मग डॉक्टरांच्या नोंदी मोजा ना!" मोजल्या की. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२१पर्यंतच्या जीपी (फॅमिली डॉक्टर) नोंदी तपासल्या, जवळपास ५ कोटी ८० लाख माणसांच्या. लाँग कोविडचा कोड किती जणांच्या नावापुढे? २३,२७३. चारातल्या एकाहून जास्त दवाखान्यांनी तो कोड एकदाही वापरला नव्हता. त्याच सुमारास ओएनएसच्या घरोघरच्या सर्वेक्षणात ब्रिटनभरचे दहा लाखांच्या वर लोक सांगत होते की आम्हाला त्रास आहे. आता हे दहा लाख नाटकी, की दवाखाने आंधळे, तुम्हीच ठरवा.

रोखठोक
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. पण सोयीचं तेवढंच वाचलंत.

ओएनएसने एप्रिल २०२१मध्ये सांगितलं, कोविड झालेल्यांपैकी १३.७ टक्के लोकांना १२ आठवड्यांनीही लक्षणं. सप्टेंबरमध्ये त्यांनीच नव्याने हिशेब मांडला. सलग लक्षणं धरली तर ३ टक्के. लोकांनी स्वतःच 'मला लाँग कोविड आहे' म्हटलेलं धरलं तर ११.७. आणि खरी मजा पुढे आहे. १२ ते १६ आठवड्यांनी कुठलंही एक लक्षण असणारे कोविडवाल्यांत ५ टक्के, आणि तुलनेला घेतलेल्या, कोविड न झालेल्यांत ३.४! माणूस एरवीही थकतो, डोकं एरवीही दुखतं. हा फरक वजा न करता लाखांचे आकडे छापायचे म्हणजे ओल्या कपड्यांसकट वजनकाट्यावर उभं राहायचं.

जर्सीवाली
दोघंही ब्रिटनमध्येच अडकलात. इकडे अमेरिकेत बघा काय झालं. जनगणना ब्युरोच्या पल्स सर्वेक्षणात जून २०२२मध्ये ७.५ टक्के प्रौढांना 'सध्या लाँग कोविड' निघाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आरोग्य मुलाखत सर्वेक्षणात 'सध्या'वाले ३.४ टक्के! दोन्ही सरकारी, दोन्हीकडे लक्षणं तीन महिने टिकण्याची अट, आणि आकडा निम्म्याहून कमी. पल्स ईमेल आणि मेसेजवरून यायचं, शंभरातले दहाही उत्तर देत नसत. दुसऱ्यात माणूस घरी येतो किंवा फोन करतो, तिथे जवळपास निम्मे बोलतात.

मला स्वतःला तो मेसेज आला होता. अनोळखी नंबर, खाली लिंक. फसवणूक असणार म्हणून खोडून टाकला. माझी जाऊ सहा-आठ महिने जिना चढताना मध्येच पायरीवर बसायची. तिला आला असता तर तिने शेवटच्या रकान्यापर्यंत भरला असता. ज्याला दुखतंय तो बोलतो, ज्याला नाही तो खोडून टाकतो. फुगणारच आकडा.

लीड्सकर
@जर्सीवाली, पल्सबद्दल सहमत. पण ओएनएसमध्ये पहिल्या भेटीला ५० पौंडांचं व्हाउचर, पुढच्या प्रत्येक भेटीला २५. धडधाकट माणसंही व्हाउचरसाठी का होईना टिकून राहिली. आमच्या घरी यायचे ते लोक. बाहेर उभे राहणार, आम्ही आतून नाकात काडी घालून नळी हातात द्यायची, मग दारातच प्रश्न. माझी बायको महिनोन्‌महिने 'नाही' सांगत राहिली, कारण 'दुसरं कारण' तिला ठाऊक होतं : वय. ऑफिसातून आली की कोट न काढता सोफ्यावर. तिचा 'नाही' तुमच्या फुगलेल्या आकड्यात कुठे बसतो?

रोखठोक
वहिनींना बरं वाटो. पण घरातला एक किस्सा म्हणजे विदा नव्हे. आणि 'घरोघर' हा शब्दही जपून वापरा. २०२२च्या उन्हाळ्यापासून भेटी बंद, काडी पोस्टाने आणि प्रश्न ऑनलाइन नाहीतर फोनवर. तुमचे मार्च २०२३चे १९ लाख दारात उभं राहून विचारलेले नाहीत.

आशाताईची लेक
दारात उभं राहून विचारलं की खरं कळतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आशा सेविका असलेल्या माझ्या आईबरोबर एक दिवस फिरायला हवं होतं. सप्टेंबर २०२०, महाराष्ट्राची घरोघर तपासणीची मोहीम, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. गळ्यात ओळखपत्र, हातात ऑक्सिमीटर आणि तापमापी. एका घरात आतून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि लगेच टीव्हीचा आवाज वाढला. दारातला माणूस हसून म्हणाला, "आमच्याकडे सगळे ठणठणीत." आईने तेच लिहिलं, दुसरं काय लिहिणार? ब्रिटनमध्ये फुगतो म्हणता, आमच्याकडे आकडा दारातच मरायचा.

पेठेतला काका
ताई, लोक खोटं का बोलले तेही सांगा. हो म्हटलं की जिन्याला पत्रा, घराला कुलूप, म्हातारा आयसोलेशन सेंटरला. आमच्या सोसायटीने सरळ ठराव केला, कुणालाही वर सोडायचं नाही. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

आशाताईची लेक
वाटायला हवी. खाली गेटवर उन्हात उभं करून वॉचमनकडून माहिती घ्यायला लावलीत तुमच्यासारख्यांनी. वॉचमन सांगणार तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दम लागतो की नाही! आणि जून २०२१मध्ये आशांनी मानधनासाठी संप केला तेव्हा हीच सोसायटीवाली मंडळी म्हणत होती, "आत्ताच बरा सुचला संप."

पेठेतला काका
मी म्हटलेलं नाही. उगाच माझ्या तोंडी घालू नका.

चिंचेचं बोटुक
अवांतर होतंय, पण मूळ मुद्द्याचंच आहे. दारात उत्तर देतं कोण? आमच्याकडे सासरे. घरात सहा माणसं आणि सहाही जणांची तब्येत त्यांनी एका वाक्यात उरकली : "सगळे मजेत." मी आत कणीक मळता मळता भिंतीला टेकून उभी होते. घरच्या बाईला धाप लागते हे घरच्या पुरुषाला माहीत असेल हेच मुळात गृहीत. आपल्याकडे उद्या लाँग कोविडचं सर्वेक्षण झालं तर कुटुंबप्रमुखाचं आरोग्य मोजलं जाईल.

पेठेतला काका
आता यातही पुरुष!

चिंचेचं बोटुक
काका, तुमच्या घरी कोण बोललं? अच्छा, वॉचमन.

जर्सीवाली
बोटुक, +१००. आमच्याही घरी टपाल, फोन सगळं 'हे' बघतात.

लीड्सकर
चला, निदान इथे ओएनएसला मार्क द्या. तिथे घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारत. लहान मुलांचं फक्त आईवडील सांगत. आणि लाँग कोविड बायकांमध्ये जास्त, ३५ ते ६९ वयात जास्त, गरीब वस्तीत जास्त, हे दिसलं ते त्यामुळेच. सासऱ्यांना विचारून दिसलं नसतं. कमतरता खरी तर दुसरीकडे आहे. फक्त खासगी घरं घेतली, वृद्धाश्रम बाहेर राहिले. कोविडने सर्वात जास्त होरपळले ते तिथलेच. यावर रोखठोक काही बोलले नाहीत, कारण त्याने आकडा वाढतो.

रोखठोक
वाढेल, किंवा वाढणारही नाही. ऐंशीच्या पुढच्या माणसाचा थकवा कशाचा, हे सर्वेक्षण कसं ठरवणार?

बरं, सासऱ्यांचा मुद्दा बिनतोड आहे. प्रत्येकाला वेगळं विचारा, चारऐवजी बारा आठवडे धरा, कोविड न झालेल्यांचा आकडा शेजारी छापा, आणि मथळ्यात 'आजारी' न लिहिता 'असं सांगणारे' लिहा. एवढं केलंत तर घरोघर विचारायला माझी ना नाही. तोवर तुमच्या १९ लाखांतले 'रोजच्या कामात बरीच अडचण'वाले ३ लाख ८१ हजार मी धरतो. बाकीच्यांना संशयाचा फायदा.

लीड्सकर
केवढे उपकार! एका धाग्यात शून्यावरून ३ लाख ८१ हजार. आणि बारा आठवड्यांच्या पुढचे किती, ते त्याच अहवालात वेगळं दिलेलं आहे. मोठा हिस्सा त्यांचाच आहे. वाचा.

रोखठोक
वाचतो. पटलं तर सांगेन, नाही पटलं तर वेगळा धागा काढेन.

आशाताईची लेक
काका, गेटवरचं उत्तर राहिलंय.