एकाच बाजूचा गाल बधिर, शुगर खूप वाढलेली. सायनसच असेल ना?

निशिगंध
बाबांना जुना डायबेटिस आहे. सध्या शुगर चारशेच्या खाली येतच नाहीये. परवापासून डावा गाल दुखतोय, नाकही डावीकडूनच चोंदलंय. आज दाढी करताना म्हणाले, "ब्लेड गालाला लागतंय ते कळतच नाही गं." वरची दाढ ठणकते म्हणून दाखवून आणलं, तर दात ठणठणीत. ताप नाही. अँटिबायोटिक चालू आहे. सोमवारपर्यंत वाट बघू का?

ओसरी
वाफ द्या, मिठाच्या पाण्याने नाक धुवा. सायनसला वेळ लागतोच.

घशातला काटा
मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. ताई, वाफेचं राहू द्या, आजच मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. साध्या सायनसमध्ये गाल जड होतो, दुखतो. बधिर सहसा होत नाही. डोळ्याखालून गालात उतरणारी नस धरली गेली असावी. शुगर एवढी चढलेली आणि सगळं एकाच बाजूला, म्हणजे म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) नाही हे ठरेपर्यंत तोच आहे असं धरायचं. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठतं आणि पुढचा भाग मरतो. काळं पडतं ते त्यामुळे. पण काळं दिसेपर्यंत थांबायचं नसतं. सुरुवातीला नाकातलं अस्तर नुसतं फिकट दिसतं. तापही नसतो बऱ्याचदा.

तोंडात टॉर्च लावून टाळू बघा. डोळा सुजलाय का, दोन-दोन दिसतंय का, विचारा. काही नसलं तरी न्यायचंच.

निशिगंध
टाळू स्वच्छ आहे, पण डावी पापणी खाली आल्यासारखी वाटते. निघतोय. सीटी स्कॅन करायला सांगू का?

घशातला काटा
पापणीचं आत शिरल्याशिरल्या सांगा. नुसत्या सीटीवर विसंबू नका, सुरुवातीला त्यात साधी सूजच दिसते. नाकात दुर्बीण घालून तुकडा काढतात, तो महत्त्वाचा. केओएच नावाचं द्रावण लावून मायक्रोस्कोपखाली बघितला की बुरशीचे रुंद धागे त्याच दिवशी दिसू शकतात. पसरलंय किती, ते एमआरआयवर कळतं. कीटोन (डायबेटिस फार बिघडला की रक्तात साचतात ते) तपासायला सांगा आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, विशेषतः स्टेरॉइड चालू असेल तर. म्युकर निघालाच तर शिरेतून अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध आणि मेलेला भाग काढायचं ऑपरेशन, दोन्ही लागतं. बुरशीवरच्या नेहमीच्या फ्लुकोनाझोलच्या गोळीने हा हलत नाही.

निशिगंध
गाडीत बसलोय. घरात लहान बाळ आहे, त्याला लागण होईल का?

घशातला काटा
नाही, हा माणसाकडून माणसाला होत नाही. बाळाची काळजी नको, तुम्ही पोहोचा.