चिंध्यांच्या वेणीचं लंबगोल पायपुसणं कडेने वर का उचलतं?

ऐरोलीची_वेणी

जुन्या सुती चादरी फाडून तिपेडी वेणी घातली आहे आणि ती गुंडाळत लंबगोल पायपुसणं जोडते आहे. तयार माप २ बाय ३ फूट हवंय. पट्ट्या ३ इंची, वेणी साधारण १ इंच रुंद. पहिल्या पाच फेऱ्या जमिनीला टेकून होत्या. आता मात्र दोन्ही टोकांच्या वळणांवर कडा उचलली जाते आणि मध्यभाग खोलगट दिसतो. जोडणी शिवणयंत्राच्या साध्या दोऱ्याने, हातसुईने, वेणीच्या कापडातून टाके घालत चालू आहे.

वळणावर नेमकं किती सोडायचं याचा काही हिशेब असतो का, की नजरेनेच? झालेलं उसवावं लागेल का? शिवाय २ बाय ३ साठी एकूण कापड किती लागतं हे आधी कळलं तर रंगांची मांडणी ठरवता येईल. घरात उरलेली लोकरही बरीच आहे, ती यातच वापरावी की वेगळं काही करावं?

दाभण_आणि_दोरा (ठाणे)

कडा उचलली जाते म्हणजे बाहेरच्या फेरीला वेणी कमी पडते आहे. उलट कडेला झालरीसारख्या लाटा आल्या असत्या, तर वेणी जास्त झाली असं समजायचं. दोन्हीचं मूळ एकच, आणि त्याला हिशेब आहे.

प्रत्येक नवी फेरी आधीच्या फेरीपेक्षा वेणीच्या रुंदीच्या सव्वासहा पट लांब असावी लागते. तुमची वेणी १ इंचाची, म्हणजे दर फेरीला सुमारे सव्वासहा इंच जास्त. हा आकडा तिसऱ्या फेरीला जेवढा तेवढाच अकराव्यालाही, कारण दर फेरीला त्रिज्या १ इंचानेच वाढते. लंबगोलात सरळ बाजूंना वाढ शून्य. सगळी वाढ दोन टोकांना वाटून द्यायची: प्रत्येक टोकाला तीन इंचांहून थोडी जास्त.

ही वाढ द्यायची कशी? वेणीच्या कडेला पदरांच्या ज्या कड्या दिसतात, त्या १ इंचात किती बसतात ते मोजा. समजा एक कडी पाऊण इंचाची आहे, तर तीन इंचांत चार कड्या. म्हणजे प्रत्येक टोकाच्या वळणावर नव्या वेणीच्या चार कड्या दोरा न घालता सोडायच्या. सोडायची कडी नेहमी नव्या वेणीची, आधी जोडलेल्या भागाची कधीच नाही. आतल्या भागाची कडी सोडली की नवी वेणी ताणली जाते आणि कडा लगेच वर येते. सोडलेल्या कड्या एका फेरीत सारख्या अंतराने पसरवा आणि पुढच्या फेरीत त्यांच्या जागा बदला. एकावर एक आल्या तर गोलाईला कोपरे फुटतात.

दुसरं कारण तुमच्या दोऱ्यात आहे. कापडातून टाका घातला की वेणी हलायची थांबते, आणि शिवणीचा बारीक दोरा पायाखाली घासून तुटतो किंवा कापड कापतो. या कामाला टाका नको, ओवणी हवी. दाभणाचं टोक दगडावर घासून बोथट करा. त्यात चामड्याच्या कामाचा मेण लावलेला जाड दोरा ओवा. एकदा आतल्या भागाच्या कडीखालून, एकदा नव्या वेणीच्या कडीखालून, असं कापडाला भोक न पाडता जायचं. दोरा ओढला की तो कड्यांच्या मध्ये लपतो आणि पायपुसणं दोन्ही बाजूंनी वापरता येतं. दोरा एवढाच ओढा की दोन वेण्या एकमेकींना टेकतील. त्याहून घट्ट केलात तर हिशेब बरोबर असूनही कडा उचलेल.

आणि जोडणी मांडीवर घेऊन करू नका. मांडीचा बाक कामात उतरतो आणि हातात असताना तो दिसत नाही. टेबलावर किंवा फरशीवर सपाट ठेवूनच ओवायचं.

उसवावं का? कडा अर्ध्या इंचापेक्षा कमी उचलत असेल तर पाणी शिंपडून सपाट करा, वर पाट आणि वजन ठेवून पूर्ण वाळू द्या. बहुधा बसते. त्याहून जास्त असेल तर जिथपर्यंत सपाट आहे तिथपर्यंत उसवणं हाच उपाय. पुढच्या फेरीत जास्त वेणी सोडून मागची तूट भरून निघत नाही. वाटी तशीच राहते आणि बाहेर लाटा येतात, म्हणजे दोन्ही दोष एकाच वस्तूत.

मधल्या वेणीचंही तपासा. लंबगोलाचा मधला सरळ तुकडा म्हणजे तयार लांबीतून रुंदी वजा. तुमच्या मापाला ३ वजा २, म्हणजे १ फूट. पहिल्या वळणाला वेणी नुसती वाकवली तर टोकाला टेंगूळ येतं. तिथे वेणी घालतानाच वळण द्यायचं: बाहेरच्या बाजूचा पदर मधल्यावरून लागोपाठ तीनदा आणायचा, मग आतल्या बाजूचा एकदा आणून घट्ट ओढायचा. असे दोन मोड प्रत्येक टोकाला दिले की वेणी आपोआप उलटी फिरते.

चिंधी_वर्गीकरण

कापडाचा हिशेब वरच्या मापावरूनच निघतो. सरळ बाजू आणि अर्धगोल टोकं धरली तर २ बाय ३ फुटांचं क्षेत्रफळ सुमारे ७४० चौरस इंच. वेणी १ इंच रुंद, म्हणजे ७४० इंच वेणी, जवळजवळ १९ मीटर. वेणी घालताना पट्टीची साधारण एक तृतीयांश लांबी आटते, म्हणून प्रत्येक पदर २८ मीटरचा, आणि तीन पदर मिळून ८४ मीटर पट्टी.

९० बाय १०० इंचांच्या डबल चादरीतून ३ इंची ३० पट्ट्या, ७६ मीटर. संचातले दोन अभ्रे फाडले की उरलेली पट्टी निघते. वजनात पाऊण ते एक किलो. जुनी सुती साडी पातळ असते, तिची पट्टी ५ इंचांची फाडावी लागते. साडेपाच मीटरच्या साडीतून अशा नऊ पट्ट्या, साधारण ४९ मीटर, म्हणजे दोन साड्या धरा. काठ आणि जर (सोनेरी-रुपेरी तार) आधी कापून बाजूला. जर पायाला टोचते आणि धुताना सुटून येते. डेनिम याच्या उलट. ते जाड असल्यामुळे सव्वा इंचाची पट्टी पुरते, पण चादरीबरोबर एकाच वेणीत घातलंत तर डेनिमचा पदर वर उठून दिसतो आणि तोच आधी झिजतो.

हे आकडे सुरुवातीला धरायचे. खरा आकडा स्वतःच्या हाताच्या ताणावर ठरतो, म्हणून फूटभर वेणी घालून तिची रुंदी मोजा, आधीची पट्टी किती होती आणि आता किती उरली ते बघा, आणि वरचा हिशेब परत मांडा.

आता मिश्रणाबद्दल, कारण इथेच पुष्कळ काम वाया जातं. टी-शर्टचं विणलेलं होजियरी कापड ताणलं जातं, चादरीचं ताणलं जात नाही. दोन्ही एकाच वेणीत आले की वेणी एका अंगाला पिळत जाते. पॉलिएस्टर सरळ फाटत नाही, कात्रीने कापावं लागतं, आणि ते गुळगुळीत असल्यामुळे वेणी सैल पडते. सुती पॉलिएस्टर मिश्र चादर चालते, पण तिन्ही पदर तसलेच ठेवा. पायपुसणं पाणी टिपण्यासाठी असेल तर शुद्ध सुतीच हवं.

फाडण्याआधी सगळं धुऊन वाळवून घ्या. नवं किंवा कमी वापरलेलं कापड नंतर आटतं आणि तयार काम आकसतं. लाल, मरून, गडद निळं कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यात पिळून बघा. डाग पडला तर परत धुवा, आणि पाच-सहा धुण्यांनंतरही पडत राहिला तर ते कापड फिक्या रंगाजवळ लावू नका. फाडताना उडणारा तंतू नाकात जातो, तेव्हा तोंडाला रुमाल आणि खिडकी उघडी.

पट्ट्या जोडताना गाठ नको, पायाखाली ती खड्यासारखी लागते. दोन टोकं काटकोनात एकावर एक ठेवून तिरकी शिलाई मारा आणि जादा कोपरा कापून टाका. तीन पदरांचे जोड एकाच जागी येऊ नयेत म्हणून सुरुवातीलाच तिन्ही पट्ट्या लहानमोठ्या घ्या.

माल मिळण्याचं म्हणाल तर घरातलं संपल्यावर बुटीकवाल्या शिंप्यांकडची कातरणं बघा, पिशवीभर मिळतात. ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास जाड दोरा, दाभण, सुतळी हे सगळं एका फेरीत होतं. भिवंडी यंत्रमागांचं गाव, तिथे किनारीच्या लांब पट्ट्या किलोवर मिळतात. त्या तशाच वापरता येतात, फक्त सूत आहे की कृत्रिम धागा ते एक धागा जाळून बघा: सूत कागदासारखं जळून राख होते, कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होते. उल्हासनगरला जीन्सचे कारखाने आहेत, डेनिमची कातरणं तिकडची.

मुका_खांब

लोकरीबद्दल मी लिहिते. वेणीत एखादा पदर लोकरीचा घालू नका. कापडाचा आणि लोकरीचा ताण वेगळा, आणि लोकर आधी झिजून वेणीत पोकळी राहते.

बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. तीही जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि गोळी बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळतं. ॲक्रिलिक लवकर वाळतं, त्यामुळे आपल्या हवेला बरं, पण त्यावर गरम इस्त्री ठेवू नका. खरी लोकर न्हाणीघराजवळ नको: गरम पाणी आणि घासणं मिळालं की ती आटून नमद्यासारखी (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखी) घट्ट होते. तिला कसर लागते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी उलटी करून झटका आणि उन्हात टाका.

उरलेल्या चार पदरी लोकरीचं सोपं काम म्हणजे क्रोशाचा गोल गालिचा. चार किंवा पाच धागे एकत्र धरा, सुई ८ ते १० मिलिमीटरची. सुरुवातीला वलयात ६ मुके खांब (क्रोशाचे बुटके टाके). दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे १२. मग १८, २४, दर फेरीला ६ वाढवायचे. वर सव्वासहा पटीचं सांगितलं आहे तेच इथे ६ होऊन येतं, कारण मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असते. उंच खांब घातलेत तर वाढ १२ ची. कडा उचलली तर एका फेरीत एखाद-दोन वाढवा, लाटा आल्या तर एक फेरी वाढ न देता घाला. वाढीच्या जागा इथेही दर फेरीला सरकवा, नाहीतर गोलाचा षटकोन होतो.

केसाळ गालिचा हवा असेल तर आकड्याच्या सुईने जाळीवर गाठी मारायच्या. या कामाच्या जाळीला साधारणपणे इंचाला ३.३ घरं असतात. म्हणजे एका चौरस फुटात जवळजवळ १,५७० गाठी, आणि अडीच इंची तुकडे धरले तर सुमारे १०० मीटर जाड धागा. चार पदरी लोकर एकेरी वापरली तर खालची जाळी दिसते, म्हणून दुहेरी-तिहेरी घ्या, म्हणजे लोकरही दुप्पट-तिप्पट लागेल. तुकडे एका मापाचे हवेत. अडीच इंच परिघाच्या पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळून एका कडेने कापली की शेकडो तुकडे सारखे निघतात. जाळीऐवजी गोणपाट घेणारे असतात, मार्केट यार्डाच्या बाजूला तुर्भ्यात रिकामी पोती मिळतात, पण गोणपाटाची घरं असमान असतात आणि ओलं झालं की ते कुजतं. भिंतीवर लावायला ठीक, पायाखाली नको.

ऐरोलीची_वेणी

दाभण आणि ओवणीचं कळलं. पाचव्या फेरीपर्यंत उसवते. अजून दोन गोष्टी: विट्रिफाइड फरशीवर हे सरकू नये म्हणून खालून रबर चिकटवावं का? आणि रंग पक्का करायला मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात पट्ट्या ठेवाव्या असं ऐकलं आहे.

दाभण_आणि_दोरा (ठाणे)

मीठ-व्हिनेगरने सुती कापडाचा सुटणारा रंग पक्का होत नाही. रंगवताना धाग्याला न धरलेला जादा रंग धुऊनच जातो, आणि तो गेला की डाग पडणं थांबतं. त्यामुळे वर सांगितलेली पांढऱ्या फडक्याची परीक्षा पुरेशी.

रबर चिकटवू नका. गरम गोंदाच्या रेघा दोन-तीन धुण्यांत निघतात, लॅटेक्स लावलं की खालून हवा जात नाही. पावसाळ्यात आपल्याकडे जाड सुती वस्तू तशीही नीट वाळत नाही, त्यात खालची बाजू बंद केली की काळी बुरशी धरते आणि ते डाग जात नाहीत. शिवाय उलटून वापरायची सोय जाते. मीटरवर मिळणारी घसरणरोधक जाळी घ्या, पायपुसण्यापेक्षा सगळीकडून १ इंच आत कापा आणि नुसती खाली अंथरा. जाळीही दर आठवड्याला उचलून फरशी पुसा, तिच्याखाली रेती साचली की पकड जाते.

चिंधी_वर्गीकरण

शेवटचं टोक कसं संपवायचं हे कुणी लिहिलं नाही. वेणीचे शेवटचे ८ इंच उरले की तिन्ही पट्ट्या हळूहळू अरुंद करत कापा, शेवटाला अर्धा इंच. तेवढा भाग तसाच बारीक होत जाणारा वेणीत घाला, कडेला चिकटून ओवा, आणि टोकं शेजारच्या वेणीच्या कड्यांतून दाभणाने आत ओढून दोन टाके घाला. हे टोक अर्धगोलाच्या ऐन वळणावर आणा, सरळ बाजूला आलं तर तिथे पायरी दिसते.

आणि धुण्याचं: यंत्रात नको, भिजल्यावर वजन एका बाजूला जाऊन ड्रम हादरतो. बादलीत भिजवून दाबून धुवा, पिळू नका, आणि दांडीवर टांगण्याऐवजी खाली हवा खेळेल अशा जाळीवर किंवा कठड्यावर आडवं पसरा. टांगलं की पाण्याच्या वजनाने ओवणी ताणली जाते आणि लंबगोल वाकडा होतो. जून ते सप्टेंबर पंख्याखाली दोन दिवस धराच. म्हणूनच दारापाशी ठेवायचं असेल तर जोडी करावी, एक वाळत असताना दुसरं वापरात. बनवण्याआधी दाराखालची फटही मोजून घ्या: १ इंची वेणी पाऊण सेंटीमीटर ते एक सेंटीमीटर जाड होते, आणि आत उघडणारं दार त्यावर अडकतं.