मुशी आणि वटवाघूळ : दोघांनाही नाळ, मग फरक कुठे?

प्रश्न
मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. आपल्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात सापडणारी लहान मुशी, म्हणजे स्कोलिओडॉन, आणि वडा-पिंपळावर लटकणारे मोठे फलाहारी वटवाघूळ हे दोन्ही प्राणी पिल्लांना जन्म देतात आणि दोघांचेही पिल्लू गर्भाशयात नाळेने आईशी जोडलेले असते. तरीही एक मासा आणि दुसरा सस्तन प्राणी, हे व्याख्या पाठ न करवता विद्यार्थ्यांना कसे पटवावे?

प्रतिसाद १
मॅडम, वार, म्हणजे नाळ ज्या अवयवातून आईच्या गर्भाशयाशी जोडलेली असते तो अवयव, कशापासून तयार होते, येथून सुरुवात करावी. वटवाघळात गर्भाचे सर्वांत बाहेरचे आवरण आणि अपरापोषिका (गर्भाच्या शरीरातून बाहेर वाढणारे पिशवीसारखे आवरण) मिळून वार घडते. मुशीत मात्र पीतककोशाचेच, म्हणजे अंड्यातील बलकाच्या (पीतकाच्या) पिशवीचेच, वारेत रूपांतर होते. तिचे अंडे जेमतेम १ मिलिमीटर व्यासाचे, शार्कांमध्ये सर्वांत लहान, आणि त्यात पीतक नाममात्र असते. त्यामुळे गर्भ काही मिलिमीटरचा असतानाच त्याला आईकडून पोषण मिळू लागावे लागते. नाळ भिंगाखाली धरली, तर तिच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या बारीक तंतूंची दाट झालर दिसते. ती विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावी, कारण माशात इतकी प्रगत व्यवस्था असेल यावर पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

प्रतिसाद २
वरील मुद्दा योग्यच आहे, पण माझ्या मते खरा भेद जन्मानंतर दिसतो. मुशीचा गर्भकाळ पाच-सहा महिन्यांचा, वटवाघळाचा सुमारे १४० ते १५० दिवसांचा, म्हणजे फारसे अंतर नाही. मात्र मुशीचे १२ ते १५ सेंटिमीटरचे पिल्लू जन्मताच स्वतःचे भक्ष्य स्वतः शोधू लागते, तर वटवाघळाचे पिल्लू आईच्या छातीला बिलगून दूध पिते आणि सुरुवातीचे काही आठवडे आई त्याला अंगावर घेऊनच उडते. कल्ले, कूर्चेचा सांगाडा, केस, हृदयाचे कप्पे हे भेद पुस्तकात आहेतच.

प्रतिसाद ३
पिल्लांची संख्याही सांगावी. मुशीला एका वेळी वीसपर्यंत पिल्ले होऊ शकतात, वटवाघळाला वर्षाला बहुधा एकच. म्हणून वटवाघळांची वसाहत एकदा उजाडली की ती भरून यायला फार काळ लागतो. असे असूनही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत टाकले होते, हा माझ्या दृष्टीने मोठा अन्याय होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. मुशीला पिल्ले अधिक होतात म्हणून ती निर्धास्त आहे असेही नाही, कारण ती राहते ते किनाऱ्यालगतचे उथळ पाणी आणि जाळी सर्वाधिक लागतात तेही तेथेच.